मार्थाकाकू आणि वरची सही

टीव्हीवर कुणी मंत्री हात उंचावून "आम्ही करणारच!" म्हणाला, की आमच्या मार्थाकाकू खुर्चीतून उठून त्याला विचारतात, "वरून सही झाली का?"

मंत्री गल्लीतला असो की परदेशचा, प्रश्न तोच. अंबरपेठेत त्या माझ्या शेजारीण. सरकारी कचेरीत जन्मभर टायपिंग केलेलं, त्यामुळे साहेबांचे हुकूम किती टिकतात ते त्यांच्या बोटांना ठाऊक. आणि बायबलमधले राजे तर त्यांना कालच बदली झालेल्या साहेबांसारखे!

"नबुखद्नेस्सर म्हणाला, बाबेल नगरी मी बांधली. देवानं गवत खायला लावलं, बैलासारखं! आणि त्याच्यानंतरचा कोरेश राजा? देवाला ओळखतही नव्हता. तरी बाबेलातल्या देवाच्या बंदिवान लोकांना घरी सोडायचा हुकूम त्याच्याच हातून निघाला. टायपिस्ट कुणी का असेना, मजकूर देवाचा!"

मग एके दिवशी आमच्याच भिंतींवर लाल खुणा आल्या. रस्ता रुंद होणार, सोमवारी घरं पाडणार. मी रडत रडत भांडी खोक्यांत भरायला घेतली. काकू दारात येऊन हसल्या. "इतकी काय घाबरतेस? फारो राजाकडे शेकडो रथ होते, देवानं समुद्रात बुडवले. यांच्याकडे एक जेसीबी!"

सोमवारी सकाळी तो जेसीबी खरंच आला. काकू भाजीची पिशवी घेऊन थेट त्याच्यापुढे उभ्या.

"अम्मा, हटो! ऑर्डर है!" अधिकारी ओरडला.

"सही किसकी है? नीचे की कि ऊपर की?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो नुसता "हौ सर, हौ सर" करत राहिला. मग त्यानं ड्रायव्हरला मागे फिरायची खूण केली.

"नक्शा बदल गया, अम्मा. रोड नाले के बाजू से जाता. ऊपर से ऑर्डर आया."

"वोइच तो मैं बोल री थी!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की जेसीबीचा आवाज ऐकू येईना.

गल्लीनं त्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

दुपारी मी शिरा घेऊन गेले, तर काकू जमिनीवर बसून ट्रंकेला बांधलेल्या दोरीची गाठ सोडवत होत्या. सगळं घर त्या ट्रंकेत भरलेलं.

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"देव करणार हे ठाऊक होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "काय करणार, ते कुठं सांगतो?"

गाठ मी सोडवली. सगळ्यात वर कप होते, एकेक साडीत गुंडाळलेला. काकांना जाऊन कित्येक वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

"एकटीला एवढे कप कशाला बांधले?"

काकू दुसरीकडे बघत राहिल्या. "जिथं गेले असते, तिथं तुम्ही कुणी ना कुणी आला असतात की नाही?"

मी कप नळाखाली धरले. काकू दुधाचं भांडं शोधायला ट्रंकेत वाकल्या.