पाच पोरांची एक बाटली

चार तान्ही मुलं जमवणं म्हणजे त्र्यंबकरावांच्या लेखी डाव्या हातचा मळ होता. ज्या माणसाने बत्तीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसून अकराशे कामगार आठच्या भोंग्याला आत घेतले, आणि आठ वाजून सहा मिनिटांनी आलेल्याला, मग तो मॅनेजरचा मेव्हणा का असेना, गेटाबाहेर उभं केलं, त्याला चार मुलं अकरा वाजता दवाखान्यात हजर करणं काय जड होतं?

गरज पडली ती नातीपायी. नात नऊ महिन्यांची झाली, गोवराची लस द्यायची वेळ आली, आणि त्यांची सून प्रमोदिनी सरकारी दवाखान्यातून लागोपाठ दोन बुधवार हात हलवत परत आली. आड येत होता सरोज सिस्टरचा नियम. या लशीची पूड एका बाटलीत पाच मुलांपुरती यायची. पाणी घालून कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. अठ्ठ्याऐंशी सालात त्या भागाला बाटल्याही मोजूनच मिळत. तेव्हा समोर पाच मुलं दिसल्याशिवाय सिस्टर बाटलीला हात लावत नसे. खासगी डॉक्टर होता, पण त्यांच्या कोपर गावात दिवसातून दोनदा लाइट जायची, आणि त्याच्या फ्रिजमधलं लोणीसुद्धा त्र्यंबकरावांनी पाहुणा म्हणून खाल्लं नसतं.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला नुकताच गोवर येऊन गेला होता. पुरळ सुकलं, सगळे म्हणाले सुटलो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला न्यूमोनिया झाला. आठ दिवस पोर ठाण्याच्या हॉस्पिटलात होतं. घरी आलं तेव्हा त्याच्या खांद्यांची हाडंच तेवढी दिसत होती. गोवर जातो, पण त्याच्या मागून छाती भरते ती वाईट, असं सिस्टर म्हणाली. ते ऐकल्यापासून त्र्यंबकराव घाबरले होते. घाबरले की ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत.

तसंच मोठ्याने बोलत ते जनाबाईकडे गेले. जनाबाई कोळीण वीस वर्षं त्यांच्या घरी बोंबील देत होती आणि खाडीपलीकडच्या गावात राहत होती. गावात लस न झालेली मुलं हवी तितकी, असं ती म्हणाली.

“बुधवारी अकरा वाजता चार मुलं घेऊन या,” त्र्यंबकराव म्हणाले.

जनाबाईने बोटांवर तिथी मोजली. “बुधवारी तीज. पानी भरला का येताव.”

“अकरा वाजता,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि तसं कागदावर लिहूनही दिलं. जनाबाईने कागद कंबरेला खोचला. तिला वाचता येत नव्हतं, पण माणसाचा मान ठेवावा लागतो.

बुधवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले. दवाखान्यात सिस्टर, बर्फाचा डबा, प्रमोदिनी आणि रडून रडून पेंगुळलेली नात. त्र्यंबकरावांनी शिस्त या विषयावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. मी तीनपर्यंत आहे, थांबा जरा, असं सिस्टर म्हणत होती. पण उशीर झालेला माणूस येतच नसतो हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव. तो बाहेर का राहतो, याचा मात्र त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्यांनी सुनेला आणि नातीला घरी धाडलं आणि स्वतः जनाबाईला चार शब्द सुनवायला बंदरावर गेले.

बंदरावर खाडीच नव्हती. ओहोटीने पाणी पार उतरून सगळा काळा चिखल उघडा पडला होता. पलीकडे होडी कुशीवर कलंडलेली, आणि तिच्या सावलीत जनाबाई आणखी काही बायका-पोरांसह निवांत बसलेली. अलीकडे दामाजी नावाचा कोळी जाळं दुरुस्त करत होता. दोनच्या सुमाराला पाणी येईल, तेव्हा होडी निघेल, असं त्याने समजावलं. हा चिखल कमरेपर्यंत घेतो, असंही तो म्हणणार होता. पण तोवर त्र्यंबकराव धोतर वर धरून उतरले होते.

तीन पावलं झोकात पडली. चौथ्याला ते गुडघ्यापर्यंत गेले, पाचवं त्यांना टाकताच आलं नाही. पलीकडून बायका हात हलवत होत्या. आपलं स्वागत चाललंय, असं त्यांना वाटलं. दामाजीने हातातली गाठ पुरी केली, मग फळी टाकली आणि त्यांना जिताड्या माशासारखं ओढून काढलं. एक चप्पल खाडीला गेली. पुढचा तासभर ते काठावर पाय वाळवत पाणी चढताना बघत बसले. दोन वाजून दहा मिनिटांनी होडी टेकली.

जनाबाईने चाराच्या ठिकाणी पाच मुलं आणली होती. तिचा नातू सोमवारीच नऊ महिन्यांचा झाला होता, मग त्याला एकट्याला मागे कशाला ठेवायचं? त्र्यंबकराव एका चपलेने विजयी वीरासारखे दवाखान्यात शिरले. सिस्टरने पाच मुलं मोजली, बाटली कालवली आणि आयाला प्रमोदिनीकडे पिटाळलं. चार दंड टोचून झाले तेव्हा प्रमोदिनी धापा टाकत दारात आली.

मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. बाटलीत एक डोस होता आणि मुलं दोन, नात आणि जनाबाईचा नातू. डब्यात दुसरी बाटली होती, पण ती फोडली तर चार डोस गटारात.

“तुमचे नातीला द्या,” जनाबाई म्हणाली. “तुमीच बोलावलाव आमाला.”

त्र्यंबकरावांना हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं, आणि ती त्यांच्या चिखलाकडे पाहून बोळकं पसरून हसली.

“ती बारा वाजेपर्यंत इथेच होती,” ते म्हणाले. “घरी मी पाठवली. उशीर माझा आहे. त्या मुलाला द्या.”

तो आठवडा त्यांनी नातीच्या छातीला कान लावून काढला. ती शिंकली की घरात पळापळ. पुढच्या बुधवारी पाणी सकाळी साडेसातला भरणार होतं, दवाखाना नऊला उघडायचा, आणि तोवर थांबलं तर होडीला परतायला पाणी उरणार नव्हतं. उभ्या आयुष्यात कुणाला पाच मिनिटांची सूट न देणारे त्र्यंबकराव सिस्टरच्या घरी जाऊन, एक दिवस आठला याल का, म्हणून हात जोडून आले. ती आली. जनाबाई चार मुलं घेऊन आली. या वेळी नातीचा नंबर पहिला होता. सुई टोचताच तिने दवाखाना डोक्यावर घेतला, आणि त्र्यंबकराव कुणाची भीड न ठेवता धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले.

“दीड वर्षाची झाली की त्रिगुणी लशीचा बूस्टर,” सिस्टर कार्डावर लिहीत म्हणाली.

“हजर करतो. चार मुलं तर आता माझ्या खिशात आहेत,” त्र्यंबकरावांचा आवाज पुन्हा चढला होता.

“ती बाटली दहा मुलांची असते, अप्पा. दीड महिन्याच्या तान्ह्यांनाही तीच.”

त्र्यंबकरावांनी बोटांवर पुढचे नऊ महिने मोजले. मग बाहेर टोपली उचलणाऱ्या जनाबाईजवळ गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

“जनाबाई, तुमच्याकडे यंदा किती जणींना दिवस गेलेत हो?”