सिक्स काय, हाफ डझन काय

आमच्या आष्ट्यात इंग्रजीचं सगळ्यात जास्त नुकसान निवृत्त सुभेदार आनंदरावांनी केलं आहे. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा माझे विद्यार्थी धरूनच हे सांगतोय. फौजेतून येताना या गृहस्थानं तीन वाक्प्रचार आणले: 'सेम टू सेम', 'ॲज गुड ॲज' आणि 'सिक्स काय, हाफ डझन काय'. जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी या तिन्हींपैकी एका दाव्याला बांधल्या की सुभेदार मिशीला पीळ द्यायला मोकळे.

माझ्या बायकोनं एकदा त्यांना बासुंदी दिली. "ताकागत लागतीया की! दोन्ही बी दुधाचंच, सेम टू सेम." बायको आठवडाभर माझ्यावरच चिडली होती. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा समाचाराला आले नि म्हणाले, "एक डोळा म्हंजे ॲज गुड ॲज दोन, सर. नेम एकाच डोळ्यानं धरत्यात."

बाजारात तर कहर. केळीवाल्याला ऐटीत म्हणाले, "सिक्स हाफ डझन दे." त्यानं सहा वेळा अर्धा डझन मोजून दिली. तीन डझन केळी! चार दिवस गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात केळं होतं. चूक कबूल करतील तर ते सुभेदार कसले.

"अहो, सगळंच सारखं कसं असेल?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आवं सर, फरक धरला की माणूस भांडतंय."

असल्या उत्तराला मी पाचवीच्या पोरालाही गुण दिले नसते.

वर्षभरापासून सुभेदारांच्या बायकोला, तारावहिनींना, विसर पडत चाललाय. एक दिवस त्या आपल्यालाही विसरतील, ही सुभेदारांना धास्ती. त्यावर त्यांनी काय शोधावं? हजेरी! रोज सकाळी वहिनींना दारात खुर्चीवर बसवायचं, समोर ताठ उभं राहायचं आणि विचारायचं, "मी कोण?" वहिनी लाजून पदर तोंडाला लावायच्या. "आवं, नाव घ्याया लावता व्हय चारचौघांत?" एवढं ऐकलं की सुभेदार ओरडायचे, "हजर!" सगळी गल्ली हसायची. सगळ्यात जोरात मी.

परवा पेपर मागायला गेलो, तर हजेरी चालू होती.

"मी कोण?"

"अण्णा," वहिनी चटकन म्हणाल्या. लाजल्या नाहीत. अण्णा म्हणजे त्यांचे जतचे थोरले भाऊ. ते वारून कितीतरी वर्षं झाली. "अण्णा, आमचं मालक रजंवर कवा येनार रं?"

सुभेदार तसेच ताठ उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी वहिनींचा पदर सारखा केला.

"येत्यात की, तारे. रजा मंजूर झालीया."

वहिनींचा चेहरा फुलला. आजवर या माणसाला मी किती हसलो, याची लाज वाटली.

सुभेदार फाटकाशी आले. "भाऊ काय, नवरा काय, सर..." म्हणाले आणि अडले. पुढचं इंग्रजी काही तोंडातून निघेना.

अडलेल्याला शब्द पुरवायची माझी जुनी सवय. "सेम टू सेम, सुभेदार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

"न्हाई ओ सर. लय फरक हाय."