शेठजींचा फोटो, चार ते सहा

"तीन पिढ्या बडोद्यात काढल्यात आम्ही! इथल्या माणसाला संग्रहालयात कसं आणायचं, ते मला शिकवू नका!" हेरंबराव वैशंपायनांनी ट्रस्टच्या बैठकीत टेबलावर हात आपटला.

बडोद्याच्या अकोटा भागात एका गिरणीमालक शेठजींचा बंगला होता. शेठजींना जाऊन चाळीस वर्षं झालेली. खाली समाजाचा हॉल, वर त्यांच्या वस्तूंचं संग्रहालय. हॉलला उसंत नसे आणि वर कुत्रंही फिरकत नसे! म्हणून ट्रस्टचे प्रमुख गजेंद्रभाई निर्वाणीचं बोलले होते, "हेरंबभाई, रविवारे सो माणस आवे तो ठीक, नहीं तो उपर गरबाना क्लास!"

संग्रहालय सांभाळणाऱ्या निवृत्त मास्तर हेरंबरावांचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव. शेठजींची पगडीसुद्धा ते स्वतः झटकत. त्यांनी तातडीने गुजराती वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वर शेठजींचा फोटो, खाली नाव, बंगल्याचा पत्ता, रविवारी चार ते सहा. 'संग्रहालय' लिहायची गरजच काय? बंगला कोणाला माहीत नाही! छापून आलेली जाहिरात मात्र त्यांनी पाहिली नाही. ते वाचायचे मुंबईचा मराठी पेपर, तोही टपालाने, एक दिवस शिळा.

रविवारी हॉलमध्ये खुर्चीवर शेठजींचा फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. हेरंबराव पांढराशुभ्र झब्बा घालून दारात हात जोडून उभे. बायको निरुपमाबाई शेवउसळीच्या पातेल्यापाशी.

चारच्या ठोक्याला रांग लागली! सगळे पांढऱ्या कपड्यांत! "बघा, किती शिस्त!" हेरंबराव फुलले. एकेक जण फोटोपुढे वाकला, पाच मिनिटं मान खाली घालून बसला, वहीत दोन ओळी लिहून चालता झाला. शेवउसळीला कोणी शिवेना. जिन्याकडे कोणी ढुंकून पाहीना.

शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी हेरंबरावांचा हात हातात घेतला आणि हळहळत आजाराची चौकशी केली. "बहु खोटुं थयुं, भाई. मांदा हता?"

"कोण?"

"शेठ!"

"अहो काका, शेठ तो चाळीस वरस पहेलां गया!"

काकांनी हात सोडला. "तो बेसणुं चाळीस वरसे?"

हेरंबरावांनी गुजराती पेपर मागवून जाहिरात पाहिली. गुजरात्यांत माणूस गेलं की बेसणं ठेवतात. हार घातलेला फोटो, पांढरे कपडे, हात जोडायचे आणि काही न खाता निघायचं. आणि बेसण्याची जाहिरात? वर फोटो, खाली पत्ता, चार ते सहा! पेपरवाल्यांनी ती बिनदिक्कत बेसण्यांच्या पानावर छापली होती. शेठ कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ओळखीतले निघाले तर न गेल्याचा ठपका नको, म्हणून अर्धं अकोटा लोटलं होतं! संग्रहालयाला दहा माणसं मिळेनात आणि बेसण्याला तीनशे बारा!

तरी आकडा तो आकडाच, शंभर मागितले, तिप्पट आले! हेरंबरावांनी छाती काढून वही गजेंद्रभाईंपुढे ठेवली. पानोपान 'ॐ शांति' लिहिलेलं! गजेंद्रभाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वाह! तीनसो माणस, ने जराय धक्कामुक्की नहीं! बेसणा माटे आवो हॉल आखा वडोदरामां नथी, हेरंबभाई! उपरनो माळ पण एमां ज लई लईए!"

सोमवारी वरचा मजला रिकामा झाला, शेठजींची पगडी गोणपाटात गेली. हेरंबराव घरी येऊन मटकन खाली बसले. "आपलं संग्रहालय गेलं गं!"

तिसऱ्यांदा शेवउसळ गरम करता करता निरुपमाबाई म्हणाल्या, "मग काल दारात हात जोडून उभे होतात, ते बरोबरच होतं की!"