पुरावा निळा झाला

रसायनशास्त्र आणि फौजदारी न्याय हे दोन्ही विषय एकाच खोलीत, एकाच तासाला, एकाच पगारात शिकवून दाखवणारा माणूस अख्ख्या ओहायोत माझ्याशिवाय दुसरा नाही. तुम्ही म्हणाल, हा ऑरिन स्टकी फुशारकी मारतोय. मारतोच आहे. पुढे मारायला तोंड राहणार नाही, म्हणून आधीच मारून घेतो.

मी मूळचा रसायनवाला. आमच्या गावच्या कॉलेजात कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ल आणि अल्कली समजावतोय. पोरं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या आया, कारखाना बंद पडलेले बाप्ये, आणि चुकून एखादं खरंच पोर. गेल्या ऑगस्टात आमचा फौजदारीचा मास्तर, एक निवृत्त पोलीस, मासे मारायला फ्लोरिडाला निघून गेला. डीन बॅस्कम मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"स्टकी, तुम्ही कधीतरी ज्युरीत बसला होतात ना?"

"एकदाच. कुंपणाचं भांडण होतं."

"मग झालं तर. 'फौजदारी न्यायाची ओळख' तुम्ही घ्या."

"मॅडम, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"ओळखच तर करून घ्यायची आहे. पोरांबरोबर तुमचीही होईल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघा, वसंतात एक कायम जागा निघतेय. विम्यासकट."

विमा म्हटल्यावर मी विरघळलो. माझी बायको डार्ला, तिचा उजवा गुडघा बदलायचा आहे. आमच्याकडे बिनविम्याचा गुडघा बदलायचा म्हणजे घर विकावं लागतं. मग त्या नव्या गुडघ्यावर उभं कुठे राहायचं? कायम जागा मिळाली तर विमा, विमा मिळाला तर गुडघा. डार्लाला मी नाताळातच गुडघा कबूल करून टाकला.

जागेचं ठरवण्याआधी मॅडम तास बघायला येणार होत्या. मी बेत केला की दोन्ही वर्ग प्रयोगशाळेत एकत्र बसवायचे आणि गुन्ह्याची जागाच मांडायची. नर्सिंगवाल्यांचा सरावाचा पुतळा ओढत आणला, टेबलाखाली आडवा घातला आणि त्याचे बूट तेवढे बाहेर ठेवले. भोवती पिवळी फीत बांधली. टेबलावर पांढरी पूड भुरभुरवली.

त्या पुडीत माझी खरी हुशारी होती. पोलिसांकडे खिशात मावणारी एक तपासणीची नळी असते. पूड टाकली आणि निळा रंग आला की कोकेन, असा हिशेब. पण माझ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनीही ती निळी होते! मी गोळ्या कुटल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'निष्पाप माणूस कसा अडकतो?' उरलेली पूड पिशवीत घालून खिशात टाकली. औषध वाया का घालवा?

खरा पोलीस मिळाला तर बहार येईल, असं मी मॅडमना सुचवलं होतं. "बघते," म्हणाल्या. आमच्या कॉलेजात 'बघते' म्हणजे नाही.

आमच्या शेजारच्या वर्गात मिसेस प्रूइट हिशेबशास्त्र शिकवतात. गोंगाट होतोय म्हणून त्या तक्रार करायला आल्या आणि दाराच्या काचेतून त्यांना जमिनीवर बूट दिसले, वर मी आणि पांढरी पूड. आत येऊन विचारायची पद्धत त्यांच्या घराण्यात नसावी. त्यांनी थेट फोन केला.

थोड्या वेळाने दारात शेरीफच्या कचेरीतला पोलीस हॉस्टेटलर उभा. कोवळा गडी, मिशीचं अजून नक्की ठरलं नव्हतं. फितीपाशी माझी विद्यार्थिनी ब्रँडी पहाऱ्याला होती. पाच मुलं वाढवलेली बाई, ती काय हलते!

"थांब. आधी सही कर आणि बुटांवर पिशव्या चढव."

"बाई, मी पोलीस आहे."

"म्हणूनच. सर सांगतात, पुराव्यावर पहिला पाय पोलीसच देतात."

त्याने सही केली, पिशव्याही चढवल्या. माझा ऊर भरून आला. मॅडमनी खरंच माणूस पाठवला होता, आणि घाबरल्याचा अभिनय तर काय झकास करत होता!

"ही पूड कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी, साहेब," मी छाती काढून सांगितलं.

"आणखी आहे?"

"आहे की." मी खिशातली पिशवी काढून दिली.

"आणि हा माणूस?"

"त्याला मीच फरफटत आणला. सकाळपासून हू की चू नाही."

त्याने चिमूटभर पूड नळीत टाकली, नळी निळी झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याने बेड्या काढल्या तेव्हा मी कुजबुजलो, "जरा घट्ट आवळा, मागच्या बाकांना दिसत नाही." त्याने आवळल्या. मग तो म्हणाला, "तुम्हाला गप्प बसण्याचा हक्क आहे."

मी वर्गाकडे वळलो. "लिहून घ्या. हा हक्क कोणी वापरत नाही."

आणि मी बोलतच राहिलो.

तेवढ्यात बॅस्कम मॅडम आल्या. "मॅडम, माणूस छान मिळवलात," मी म्हणालो.

"कुठला माणूस?" मॅडम म्हणाल्या.

तेव्हा कळलं, बेड्या खऱ्या आहेत. ब्रँडी मात्र धावून आली. "अरे बाबा, हे ॲलर्जीचं औषध आहे. त्यानेही नळी निळी होते."

"बाई, नळी खोटं बोलत नाही."

"तिला बोलता कुठे येतं? तुला येतं ना, मग विचार की आम्हाला."

त्याने विचारलं. कोणी काय पाहिलं, लिहून द्या म्हणाला. साक्ष कशी लिहावी हे मीच शिकवलेलं, मत द्यायचं नाही, कानांनी ऐकलं तेवढंच. अख्ख्या वर्गाने एकमुखाने लिहिलं, 'आरोपी म्हणाला, पूड माझी.' एकाचेही मार्क कापता आले नाहीत.

हॉस्टेटलरने पुतळ्याला हात लावल्यावर खुनाचा आरोप मागे पडला. पूड सरकारी प्रयोगशाळेत गेली. नळीला निकाल द्यायला एक क्षण पुरला. प्रयोगशाळा म्हणते, तुमचा नंबर उन्हाळ्यात. न्यायाधीशांनी तोवर मला घरी सोडलं.

"तास उत्तम झाला, स्टकी," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सत्राचे दोन्ही वर्ग आत्ताच भरले."

"मग ती जागा?"

"कायम जागेला पूर्वेतिहास तपासतात हो. तुमच्यावर खटला आहे."

"सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, मॅडम. मीच शिकवतो."

"शिकवा की. तासिकेवाल्यांचं कोण काय तपासतंय?"

जागा मिसेस प्रूइटना मिळाली. फौजदारीचा अनुभव त्यांनाच जास्त, असं ठरलं. त्यांनी गुन्हेगार पकडला होता ना.

घरी डार्ला गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून बसली होती. मी सगळं सांगितलं. लाजेने मान वर होईना. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"ऑरिन, तुरुंगात डॉक्टर असतो ना?"

"असतो."

"फुकट?"

"फुकट."

"मग विचारून तर बघ."

मी खरंच हॉस्टेटलरला विचारलं. पोरगा भला आहे, त्याने साहेबांना फोन करून खात्री केली. "सर, गुडघा ज्याचा, गुन्हा त्यानेच करावा लागतो."

हे घरी सांगितल्यापासून डार्ला माझं फौजदारीचं पाठ्यपुस्तक घेऊन बसली आहे. मन लावून वाचते. आणि वाचता वाचता मधूनच माझ्याकडे बघते.