बावन्न किलोतली अजिंक्य

हर्षदा साळवी कोणाला भेटली की नमस्कार करत नाही, वजन सांगते.

आम्ही कोपर स्टेशनजवळ राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. ट्रॅकपँट घातलेली एक मुलगी जिन्यात आडवी आली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, “अठ्ठ्याहत्तर. त्यातले सहा पोटावर आहेत, ते निघतील.” एवढं बोलून तिनं कपाटाचं एक टोक एकटीनं उचललं आणि वर चालू लागली. दुसऱ्या टोकाला दोन हमाल होते आणि ते धापा टाकत होते. दुसऱ्या दिवशी मी बायकोला न सांगता एका दवाखान्यात जाऊन काट्यावर उभा राहिलो. सत्त्याहत्तर भरलो. विजयी मुद्रेनं हर्षदाला सांगितलं, तर तिनं शांतपणे विचारलं, “नाश्ता केला नव्हतात ना?”

केला नव्हता.

या सवयीपायी तिनं सोसायटीतली अर्धी घरं दुखावली आहेत. बारशाला जाऊन पाळण्यात डोकावते आणि बाळ कोणासारखं दिसतं ते सोडून वजनाला थोडं कमी भरल्याचं जाहीर करते. तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा भेटायला गेलेली. हळहळत म्हणाली, “पासष्टचे असतील ना?” आजोबांच्या मुलीनं डोळे पुसत सांगितलं की नाही गं, ब्याऐंशीचे होते. हर्षदानं मान हलवली. “शक्य नाही ताई. ब्याऐंशी किलोला चौघे पुरले नसते.”

हर्षदा एमएमए लढते. धंदा म्हणून लढते. आमच्या सोसायटीत मात्र पहिली काही वर्षं सगळ्यांचा समज होता की साळव्यांची मुलगी एम.ए. करतेय. कितीतरी दिवस करतेय, सुटत नाही बहुतेक, असं सहानुभूतीनं बोललं जायचं. मग एकदा ती डोळा काळानिळा करून आली, तेव्हा कोणीतरी विषय कुठला म्हणून चौकशी केली.

हा खेळ मलाही तिनंच समजावला. जाळीचा पिंजरा असतो, आत एकाच वजनाच्या दोघी सोडतात. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. आडवं पडल्यावर समोरचीचा गळा आवळायचा नाहीतर हात पिरगाळायचा. सहन झालं नाही की जिच्या तावडीत सापडलो तिच्या अंगावर थोपटायचं. याला टॅप म्हणतात. थोपटलं की सुटका.

या टॅपवर हर्षदानं आपलं सगळं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. पार्किंगवरून दोघे भांडत असले की जाता जाता ती कमी जोराच्या माणसाला म्हणायची, “टॅप करा, नाईक काका.” माझ्या गुडघ्यानं जिन्यात कुरकुर केली की म्हणायची, टॅप करा, लिफ्ट घ्या. बायको मोबाइल कंपनीच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत होती, तर ही उघड्या दारातून आत डोकावून भिंतीवर दोनदा थोपटून गेली. त्यात लाज कसली, असं तिचं म्हणणं. टॅप केलं तर माणूस पुढच्या महिन्यात परत लढतो, नाही केलं तर हाडं जातात. स्वतः तिनं कधी टॅप केलं होतं का, असं मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषयाला टॅप केलं.

लढतीच्या आदल्या दिवशी वजन देतात. बावन्न किलो म्हणजे बावन्न, वर गेलं तर लढत रद्द. एरवीची हर्षदा अठ्ठावन्नची. मधले सहा किलो ती आमच्या गच्चीवर काढायची. भर मे महिन्यात आत स्वेटर, वर रेनकोट, डोक्याला टोपी अशा थाटात पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. च्युइंगम चघळत चघळत एका बाटलीत थुंकायची, कारण थुंकीलाही वजन असतं. शेजारी बायकांचे उडदाचे पापड वाळत असायचे. पापड आणि हर्षदा एकाच उन्हात वाळत, आणि त्यातल्या त्यात पापड अधिक प्रसन्न दिसत. बायकांनी सोसायटीकडे तक्रार केली. सेक्रेटरी वर गेले, तिची अवस्था बघून पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि तिनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर पापड पलीकडच्या इमारतीत जाऊ लागले.

तिची आई, साळवीकाकू, पालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलीची एकही लढत त्यांनी पाहिली नाही. निकाल कळला की त्या जिंकली की हरली हे विचारत नसत. “दात आहेत ना?” एवढंच विचारत आणि आहेत म्हटलं की कुकर लावायला जात.

लग्नाचे प्रयत्नही काकूंनी केले. ठाण्याचं एक सुशिक्षित स्थळ आलं होतं. मुलगा कुठल्याशा बँकेत, सोबत आईवडील आणि मामा. शेजारी म्हणून मी आणि बायको हजर. मुलाच्या आईनं छंद विचारले. हर्षदानं अत्यंत सालसपणे गळा आवळणं असं उत्तर दिलं. सगळे हसले. मामा जरा जास्तच हसले आणि आम्हालाही बघू दे म्हणाले. हर्षदानं त्यांना रीतसर उठवलं, मागून दंड गळ्याभोवती घातला आणि त्रास झाला की थोपटा, असं सांगितलं. मामांनी तिच्या हाताऐवजी सोफ्यावर थोपटलं. सोफ्यावरचं थोपटणं नियमात बसतं की नाही, याचा ती क्षणभर विचार करत राहिली. मामा बरे झाले, पोहेही खाऊन गेले. निरोप मात्र आला नाही.

पण तिची खरी अडचण नवरा मिळत नव्हता ही नव्हतीच. प्रतिस्पर्धी मिळत नव्हती. बावन्न किलोच्या, पिंजऱ्यात उतरायला तयार असलेल्या बायका शोधून सापडेनात. एकीचं लग्न ठरलं, एकीच्या वडिलांना ऐन वेळी कळलं, एक वजनाच्या दिवशी पंचावन्न भरली आणि काट्यावर उभी राहून रडली. हर्षदा गच्चीवर वाळून वाळून तयार व्हायची आणि फोन यायचा की समोरची येत नाही. मग ती खाली येऊन काकूंच्या हातची पुरणपोळी एकामागून एक खायची. तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

येणारी एकच होती. सुमन वाघमोडे. सांगोल्याकडची, कुस्तीतून आलेली, कोलशेतला भाड्याच्या खोलीत राहून ठाण्यात सराव करणारी. दोघींची लढत इतक्या वेळा झाली की नंतर नंतर पोस्टरवर फक्त तारीख बदलायची. कधी ही जिंकायची, कधी ती. कल्याणच्या एका लॉनवर त्यांचा पिंजरा बांधला होता, तिथे आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलांची अक्षरं काढायची राहिली होती. शुभविवाहाच्या खाली दोघी एकमेकींच्या नाकावर ठोसे मारत होत्या. बायको म्हणाली, फार काही चुकीचं लिहिलेलं नाही.

हर्षदा सुमनबद्दल बोलायची ते वैतागूनच. तिचा डावा खांदा कसा आधी हलतो, ती कशी खोटं खोटं दमल्याचं दाखवते, आणि वजनाच्या दिवशी मुद्दाम समोर उसाचा रस घेऊन कशी बसते. आपल्या नवऱ्याबद्दल एवढी बारीक माहिती आमच्या मजल्यावर कोणाला नव्हती.

मग ती मोठी लढत ठरली. बाहेरच्या देशातली एक कंपनी दोघींपैकी जी जिंकेल तिच्याशी करार करणार होती. परदेशी लढती, नाव, टीव्ही. सोसायटीनं बस केली. ठाण्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही सगळे झेंडे घेऊन बसलो होतो. ज्यांच्या पापडांचं स्थलांतर झालं होतं त्या बायका सगळ्यात पुढे, आणि त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत होते ते मी हळदीकुंकवाला कधी ऐकले नव्हते.

तिसऱ्या फेरीत दोघी आडव्या पडल्या आणि हर्षदाला सुमनचा हात सापडला. उजवा. तिनं तो दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन ताणला. आम्ही जाळीच्या इतके जवळ होतो की मला तिचं बोलणं ऐकू आलं. “टॅप कर, सुमे,” ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “सुमे, टॅप कर ना.”

सुमननं थोपटलं नाही. तिलाही तो करार हवा होता. कोपराचा जो आवाज झाला तो हॉलभर कोणाला ऐकू गेला असेल असं नाही, कारण आम्ही सगळे ओरडत होतो. पंचांनी झेप घेऊन दोघींना सोडवलं. डॉक्टर आत गेले. हर्षदाचा हात धरून वर केला तेव्हा ती मान वळवून स्ट्रेचरकडे बघत होती. फोटोत त्यामुळे तिचा चेहरा आलाच नाही, नुसता कान आला. बॅनरवर शेवटी तिचा पासपोर्टचा फोटो छापावा लागला.

बॅनर मोठा होता. “आमची अजिंक्य कन्या, कराटेसम्राज्ञी हर्षदा.” सत्काराला इथले एक पुढारी आले, त्यांनी शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कबड्डीत मुलींनी पुढे आलं पाहिजे असं भाषण केलं. हर्षदानं माईकवर त्यांचं वजन सांगितलं. त्यांना ते राजकीय वजनाबद्दल वाटलं आणि त्यांनी हात जोडले.

करार काही झाला नाही. त्या कंपनीनं आधी इथेच आणखी एक लढत दाखवा म्हणून कळवलं. आणि लढायला कोणी उरलं नव्हतं. आयोजक फोन करत, नावं सुचवत, नावं गळत. सुमनच्या कोपरात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले होते, ती परत लढेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. आमची हर्षदा अशा रीतीनं खरोखरच अजिंक्य झाली. हरवायला कोणी नसलं की अजिंक्य होण्याइतकं सोपं काही नाही, असं मी गमतीनं तिला म्हणालोही. ती हसली नाही. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या जिममध्ये संध्याकाळची नोकरी धरली होती तिनं. तिथे लग्न ठरलेल्या मुली फोटोसाठी बारीक व्हायला ठोसे मारायला येत.

आणि मग तिचं सकाळचं बाहेर पडणं सुरू झालं. सरावाची बॅग नाही, हातात डबा आणि कापडी पिशवी. रोज. बायकांनी दुसऱ्याच आठवड्यात निष्कर्ष काढला की हिचा कोणीतरी आहे. पिशवीतून तेलाची बाटली डोकावताना एकीनं पाहिली, त्यामुळे तो मसाजवाला आहे असंही ठरलं. साळवीकाकूंना विचारलं तर त्या फक्त मैत्रिणीकडे जाते एवढंच सांगत, आणि हर्षदाला मैत्रीण आहे यावर कोणाचाच विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

एका सकाळी मी कामाला निघालो होतो, तेव्हा काकू डबा घेऊन जिन्यात आल्या. पोरगी घाईत डबा विसरून गेली होती. माझी कंपनी कोलशेतलाच, जाता जाता देता का, असं त्यांनी विचारलं आणि पत्ता सांगितला. मी कबूल झालो. खरं सांगायचं तर बायकोनं आतून खूण केली म्हणून लगेच कबूल झालो.

खोली खाडीकडच्या एका चाळीत, वरच्या मजल्यावर होती. हवेसाठी दार उघडं टाकलेलं. आत सुमन वाघमोडे जमिनीवर पाट घेऊन बसली होती, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. तिच्या मागे खाटेवर हर्षदा. सुमनचे केस चांगले कमरेपर्यंत होते. एका हातानं ते विंचरता येत नाहीत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. हर्षदानं बोटांनी तेल जिरवलं, मधोमध भांग पाडला आणि तीन पेड घेऊन वेणी घालायला लागली. ओठ दातात धरून, पिंजऱ्यात असते तशी.

मी उंबऱ्याबाहेर डबा घेऊन उभा राहिलो, हाक मारायचं सुचलं नाही.

थोड्या वेळानं सुमननं मान हलवली. “लई घट्ट झाली गं.”

“घट्टच हवी,” हर्षदा म्हणाली. “सैल वेणी धरायला सोपी पडते.”

“आता कोण धरतंय?”

हर्षदाचे हात थांबले. मग तिनं खालचा रबर काढला, अख्खी वेणी बोटांनी सोडवली आणि पुन्हा पहिल्यापासून, सैल, घालायला घेतली.