बाबाशेठ खाजणकरांचा वाढदिवस

नाव ठेवावं तर मीच! आमच्या खाडीकाठच्या गावातल्या निम्म्या पोरांची नावं माझी. शिवाय दोन होड्या, चार म्हशी आणि एक क्रिकेटचा संघ. त्यामुळे लेस्ली सर जेव्हा म्हणाले, "कृष्णाबाई, गोष्ट झकास आहे, फक्त पुढाऱ्याचं नाव बदला," तेव्हा मला हसूच आलं. एवढंच ना! भाकऱ्या थापून होईपर्यंत देते की!

लेस्ली सर आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक काढतात. पासष्टी उलटल्यावर मी अक्षरं शिकले ती त्यांच्याच वर्गात. पहिल्या वर्षी सही, दुसऱ्या वर्षी लेकीला पत्र, आणि यंदा अख्खी गोष्ट! गोष्टीतला पुढारी खाडी ओलांडायला साकव बांधून देतो म्हणून सांगतो, आणि साकव सोडून सगळं बांधतो. त्याचं नाव मी ठेवलं होतं दुष्टराव लबाडे.

"असं नाव कोणाचं असतं का?" सर म्हणाले. "नाव वाचल्यावर माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. पण त्या नावाचा माणूस आपल्या भागात असता कामा नये. नाहीतर तो अंक घेऊन माझ्या दारात उभा राहील! रविवारी अंक छपाईला जातोय. तोवर नाव जमलं नाही, तर गोष्ट पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! सत्तरीच्या बाईला असं सांगतात का? रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर माझं नाव आजवर कुठेही छापलेलं नव्हतं. मला ते यंदाच छापून हवं होतं.

मी वही घेऊन बसले. सदाशिव म्हात्रे लिहावं, तर आमच्याकडे सदाशिव म्हात्रे चार. त्यातले दोन माझे व्याही! पाटील लिहावं, तर अर्धं गाव 'ओ' देईल. शेवटी रांजणासारखं भरदार नाव सापडलं : मोरेश्वर ऊर्फ बाबाशेठ खाजणकर! आमच्या ह्यांना, म्हणजे काळूरामांना, मी सहज विचारलं, "बाबाशेठ खाजणकर माहीत आहेत का?"

"म्हंजे काय! माज्या चांगल्या वळकीचा हाय तो," हे म्हणाले.

ह्यांना नसलेला माणूसही ओळखीचा असतो! म्हणजे नाव खरं वाटत होतं. तरी मला पक्की परीक्षा घ्यायची होती. पुढाऱ्याचं नाव वहीत कळत नाही, ते वाढदिवसाच्या बॅनरवर कळतं. आमच्याकडे विजेचा एक खांब मोकळा नसतो. भावी नगरसेवक, भावी आमदार, भावी काहीतरी! माणूस निवडून येवो न येवो, वाढदिवस येतोच. मी तडक विरारला कल्पेशच्या बॅनरच्या दुकानात गेले.

"मावशी, फोटो?" कल्पेशने विचारलं.

"फोटो कशाला? मला फक्त नाव कसं दिसतं ते बघायचंय."

"फोटोशिवाय बॅनर म्हणजे नवऱ्याशिवाय वरात!"

माझ्या मोबाइलवर ह्यांचा पुतण्याच्या हळदीतला फोटो होता. पांढरा सदरा, काळा गॉगल. कल्पेशने कॉम्प्युटरवर ह्यांचे केस काळे केले, रंग उजळला, गालावर दोन माणसांना पुरेल एवढं तेज चढवलं. पन्नास वर्षांचा संसार, पण मीसुद्धा ओळखलं नाही! मग त्याने कुठल्यातरी जुन्या बॅनरवरचे पाच शुभेच्छुक उचलून खाली चिकटवले, आणि हाताला सवय म्हणून 'संपर्क' लिहून माझा नंबर टाकला.

"लहानसाच काढ हं," मी बजावलं. "उद्या येऊन घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी दुकानात बॅनर नाही!

"मावशी, सॉरी!" कल्पेश म्हणाला. "माणसांनी बाकीच्या बॅनरबरोबर तुमचापण नाक्यावर टांगला. पण मावशी, काय दिसतोय! बाकीचे सगळे त्याच्यापुढे कार्यकर्ते वाटतात!"

"आधी उतरव तो!"

"उतरवतो ना. पण चढवायला माणसं मिळतात मावशी, उतरवायला नाही मिळत."

नाव परीक्षेत पास झालं, म्हणून वाटेत मी ते सरांना देऊन आले. घरी पोचते तोच फोन वाजला.

"बाबाशेठ आहेत का? आमच्या सोसायटीपुढच्या गटारावर झाकण नाही. काल आमचे सेक्रेटरी आत गेले!"

"अहो, बाबाशेठ अजून पहिल्या पानावर आहेत," मी समजावलं. "चौथ्या पानावर निवडून येतील."

"चौथ्या वॉर्डातून उभे राहतायत? मस्त! आमची ऐंशी मतं पक्की समजा!"

ह्यांनी माझ्या हातून फोन घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बगतो. सांगतो. करून टाकू."

बस, एवढंच! संध्याकाळी त्याच माणसाचा फोन : "झाकण बसलं! पालिकेत 'बाबाशेठना कळवलंय' एवढं बोललो, तर दोन तासांत माणसं हजर! बाबाशेठ, तुम्ही देवमाणूस आहात!"

देवमाणूस माजघरात सुके बोंबील निवडत होते. त्यांनी बोंबील बाजूला ठेवले आणि गॉगल शोधायला घेतला!

दोन दिवसांत अकरा फोन आले. हे प्रत्येकाला "बगतो, सांगतो, करून टाकू" म्हणत. शेजारच्या धोंडूबाईने विचारलं, "किस्नाबाय, भावजी घरात काला चष्मा का लावतात गो?"

"डोळे आलेत," मी म्हटलं. खोटं कसं बोलावं, हे मला पुढारी घडवतानाच जमायला लागलं होतं.

आणि रविवार उजाडला. सकाळीच दारात पाच माणसं, हातात शाल आणि श्रीफळ. चेहरे पाहिल्यासारखे वाटले. अगोबाई, बॅनरवरचे शुभेच्छुक! फोन करून त्यांनी पत्ता काढला होता, आणि ह्यांनी तो आनंदाने दिला होता.

त्यांच्यातला एक, बॅनरवर फोटोखाली 'मितेश' लिहिलेला, पुढे झाला. "बाबाशेठ, आम्हाला न विचारता तुम्ही आमचे फोटो लावलेत..."

मी हळूच ह्यांच्या खुर्चीमागे सरकले!

"...एवढा विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता! आम्ही तुमच्याबरोबर आहोत. फक्त तिकिटाचं लक्षात ठेवा."

"बगतो. सांगतो," हे खुर्चीतून म्हणाले. शाल अंगावर चढलीसुद्धा!

तेवढ्यात अंगणात लेस्ली सर. हातात माझी गोष्ट. चेहरा पडलेला.

"कृष्णाबाई, ही परत घ्या. कालच नाक्यावर बॅनर बघितला. बाबाशेठ खाजणकर नावाचा माणूस खरोखर आहे! लोक सांगतात, फार चांगला माणूस आहे. त्याला मी साकव खाताना कसा छापू?"

मी एकदा गोष्टीकडे बघितलं, एकदा शालीतल्या नवऱ्याकडे. पन्नास वर्षांत ते असे ताठ बसलेले मी पाहिले नव्हते. पण छपाई आज होती! मी पुढे झाले आणि त्यांच्या डोळ्यांवरचा गॉगल काढला.

"काळूरामभाऊ?" सर ओरडले.

मग मी सगळं सांगितलं. वही, कल्पेश, हळदीचा फोटो, सगळं. 

"म्हणजे बाबाशेठ नाहीतच?" मितेशने विचारलं.

"नाहीत रे बाबा."

"आणि ते झाकण?"

"झाकण आहे."

मितेशने जरा विचार केला. "नसताना एवढं काम करतात, तर असते तर काय केलं असतं!" आणि सगळ्यांत आधी तोच हसत सुटला. सर तर हसता हसता ओटीवरच बसले. शुभेच्छुकांनी तोच नारळ फोडला, मी चहा टाकला. शाल मात्र ह्यांनी परत दिली नाही.

"माणूस नाही, हे आता पाच साक्षीदारांसमोर ठरलं," डोळे पुसत सर म्हणाले. "गोष्ट आजच जाणार!"

अंक आला. सोळाव्या पानावर माझी गोष्ट आणि वर ठळक अक्षरांत माझं नाव : कृष्णाबाई काळूराम किणी. मी त्यावरून तीनदा बोट फिरवलं.

आठ दिवसांनी वाचकाचं पत्र आलं. लेस्ली सर ते घरी घेऊन आले. मी स्वतः वाचलं, अक्षर न् अक्षर लावून.

"बाबाशेठ खाजणकर अगदी हुबेहूब उतरले आहेत. मी त्यांना चांगला ओळखतो. फक्त लेखिकेचं नाव काही पटलं नाही. कृष्णाबाई काळूराम किणी! कोणा नामवंत लेखकाने घाईत घेतलेलं टोपणनाव असावं."

"सर, आता हो काय करू?" मी विचारलं.

सरांनी पत्राची नीट घडी केली. "काही नाही. पुढच्या गोष्टीला तुमचं नाव जरा खरं वाटेल असं घ्या."