वाघमारे सरांचं फील्ड

वाघमारे सर आणि मी बेल्याच्या ज्युनियर कॉलेजात एकाच टेबलाला बसायचो. ते फिजिक्सचे, मी गणिताचा. मधे दोन हातांचं अंतर. तरी त्यांना मला काही सांगायचं झालं की सर पत्र लिहायचे. तारीख, विषय, मायना, खाली हुद्द्यासकट पूर्ण सही. मग टेबलाला वळसा घालून पाकीट माझ्या हाती देत आणि जागेवर जाऊन बसत.

तोंडानं काऊन नाही सांगत, असं एकदा विचारलं. म्हणाले, "बोललेलं माणूस नाकारू शकते. सहीखालचं नाही."

विषय बहुतेक एकच, 'फील्ड इक्वेशन'. फिरणाऱ्या गोळ्याभोवती गुरुत्वाकर्षण कसं पसरतं, त्याची समीकरणं सर अकरा वर्षं मांडत होते. आईच्या आजारपणात हैदराबादचं संशोधन अर्धवट सोडून ते गावी आले. आई गेली, समीकरणं राहिली. लग्न राहूनच गेलं.

शिपायानं पाकिटावरचा 'फील्ड' शब्द वाचला आणि गावभर झालं, की सरच्या शेताचा झगडा सुरू हाये. मंडल ऑफिसच्या कारकुनानं त्यांना बाजारात गाठलं आणि सातबाऱ्याची नक्कल आणा, बघतो, म्हणाला. सर शांतपणे म्हणाले, आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, हे दुसरं फील्ड, याला बांध नसते. बांध नसला की झगडा व्हतेच, असं म्हणून कारकून निघून गेला.

आता खरं सांगतो. ती पत्रं मी वाचत नव्हतो. पहिलं पान बघायचो, 'छान आहे, सर' म्हणायचो आणि ड्रॉवरमध्ये टाकायचो. सर मान हलवायचे.

मागच्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले. जाताना बत्तीस पानांचं पत्र दिलं. काम पूर्ण झालं, जर्नलला पाठवणार आहे, त्याआधी आपला अभिप्राय कळवावा. पानापानावर सही. कॉलेजला सुट्टी होती, आणि जराशी लाजही वाटली, म्हणून वाचायला बसलो. चार दिवस लागले. नवव्या पानावर एक उणे चिन्ह खालच्या ओळीत उतरलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा तपासलं. पुढची तेवीस पानं त्या ओळीवर उभी होती.

दोन दिवस गप्प राहिलो. बायको म्हणाली, नेहमीसारखं छान म्हणून टाका. पण परक्यानं सांगण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणून भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. सर व्हरांड्यात एकटेच बसले होते. मी नववं पान पुढं केलं आणि उभाच राहिलो.

सरांनी ओळ वाचली. वरची वाचली, मग खालची. आलो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं.

"चूक हाये," ते शेवटी म्हणाले. मग बाकीची पानं मागून घेतली आणि एकेक उलटू लागले. प्रत्येक पानाच्या कडेला माझ्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. शेवटच्या पानापर्यंत गेले.

"म्हंजे तुमी वाचलं." त्यांनी पानं जुळवून मांडीवर ठेवली. "अकरा वर्षांत तुमी एक बी चूक काढली नाही, सर. मला समजत होतं."

सर आत गेले. दुसऱ्या खुर्चीवर पुस्तकांची चळत होती, ती त्यांनी खाली ठेवली, खुर्ची धोतराच्या फडक्यानं पुसली आणि बाहेर आणून माझ्यासमोर मांडली.

"बसा," ते म्हणाले. "पह्यल्या पानापासून सांगा, कुठं कुठं अडलं."